घरगुती टायट्रेशन, सहावा आठवडा: बाटलीतल्या रसाचे ३८ थेंब

टायट्रेशन म्हणजे आयोडीन थेंब-थेंब घालून रसातलं क जीवनसत्त्व मोजणं: जीवनसत्त्व असेपर्यंत ते आयोडीन संपवतं, ते संपलं की उरलेलं आयोडीन स्टार्चला निळं करतं. तुलनेसाठी लागणाऱ्या प्रमाण द्रावणाचा (ज्यात जीवनसत्त्व किती ते आधीच माहीत असतं) आकडा अखेर स्थिर झाला. क जीवनसत्त्वाची १०० मि.ग्रॅ.ची साधी गोळी १०० मि.लि. पाण्यात विरघळवली, त्यातलं १० मि.लि. घेतलं, चमचाभर स्टार्चचं पाणी घातलं आणि वरून आयोडीन थेंब-थेंब सोडलं (एक भाग टिंक्चर, दोन भाग पाणी). निळा रंग टिकेपर्यंत तीन वेळा मोजलं: ४३, ४२, ४३. आधीचा घोळ ड्रॉपर तिरका धरल्याचा होता; त्याने थेंबाचा आकारच बदलतो. उभा धरा.

संत्र्याचा ताजा रस, १० मि.लि.: २१ थेंब. म्हणजे १०० मि.लि.मध्ये साधारण ४९ मि.ग्रॅ. तोच रस रात्रभर उघडा ठेवल्यावर १७.

मग बाटलीबंद लिंबाचा रस घेतला आणि ३८ थेंब गेले! ताज्या लिंबाला १७ लागले होते. पुन्हा केलं, तेच. शेवटी लेबल वाचलं: पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. सल्फाइटसुद्धा आयोडीनला इलेक्ट्रॉन देतं, आणि इलेक्ट्रॉन कोणी दिला हे आयोडीनला ओळखता येत नाही. टिकवणाऱ्या रसायनाचे थेंब मी जीवनसत्त्वाच्या खात्यात मांडत होतो. बाटलीतला रस मोजणाऱ्यांनी आधी लेबल पाहावं.

या ३८ थेंबांनी मला दोन दिवस पुस्तकांत बसवलं. पेल्यात अँटिऑक्सिडंट म्हणजे इलेक्ट्रॉन देणारा, एवढंच पुरतं. पेशीत मात्र तो देणारा नेमका कुठे उभा आहे, यावर सगळं ठरतं. पेशीच्या आवरणात असंतृप्त मेदाम्लं दाटीवाटीने असतात. एखाद्या फ्री रॅडिकलने (जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या, म्हणून चटकन अभिक्रिया करणाऱ्या कणाने) त्यातल्या एकाचा हायड्रोजन ओढला, की ते मेदाम्ल स्वतःच रॅडिकल बनतं, ऑक्सिजन पकडतं आणि शेजाऱ्याचा हायड्रोजन ओढतं. साखळी सुरू. ती तोडतं आवरणातच रुतून बसलेलं ई जीवनसत्त्व: ते आपला हायड्रोजन देऊन टाकतं, आणि त्यातून उरलेलं त्याचं रॅडिकल इतकं सुस्त असतं की पुढे फारसं कोणाला ओढत नाही.

क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारं, त्या तेलकट थरात ते शिरूच शकत नाही. पण थराच्या काठावर, पाण्याच्या बाजूने, ते ई-ला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामावर उभं करू शकतं. खर्ची पडलेल्या क-ला परत आणायला पेशीने स्वतः बनवलेलं ग्लुटाथायोन मदत करतं. ही देवाणघेवाण मला फार सुंदर वाटते. शिवाय पेशीकडे स्वतःचे एन्झाइम आहेतच. त्यातल्या सुपरऑक्साइड डिसम्युटेजचं (सुपरऑक्साइड हे रॅडिकल निकामी करणाऱ्या एन्झाइमचं) काम मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवून दिलं. आहारातून येणारे अँटिऑक्सिडंट या चालू यंत्रणेतल्या काही कड्या आहेत.

म्हणूनच परीक्षानळीतल्या आकड्यांवरून पदार्थांची क्रमवारी लावणं मला आता पटत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने अशा आकड्यांचा आपला मोठा तक्ता २०१२ मध्ये मागे घेतला. गोळ्यांचं तर त्याहून गंभीर: फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली, तिचे निष्कर्ष १९९४ मध्ये आले. रोज २० मि.ग्रॅ. बीटा-कॅरोटीन (हेही एक अँटिऑक्सिडंट) घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण घटण्याऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघालं. आणि त्या चाचणीमागची अपेक्षा नेमकी उलटी होती.

माझ्या वहीतला 'सर्वाधिक थेंब' हा तक्ता खोडला आहे. थेंब मोजणं सोडलेलं नाही. एकाच पदार्थाची आधीची आणि नंतरची तुलना या पद्धतीने छान होते. पुढच्या आठवड्यात ढोबळी मिरची: अर्धी उकडून, अर्धी वाफवून, आणि उकडलेलं पाणी वेगळं मोजणार. क जीवनसत्त्व त्या पाण्यात उतरतं. किती, ते बघायचंय. कोणी पालेभाजीवर हे केलं असेल, तर हिरव्या रंगात निळा शेवट कसा ओळखला, तेवढं सांगा. मी तिथेच अडकलोय.