मैदा चाळताना उडणारी धूळ

बिस्किटाच्या फॅक्टरीत चाळणीवर डस्ट कलेक्टर (धूळ ओढून गोळा करणारं यंत्र) बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, किती एचपीचा, पण खरं तर आधी हूड, म्हणजे धूळ आत ओढून घेणारं तोंड, बघायला पाहिजे. पोतं ओततो तिथे हवा सेकंदाला साधारण अर्धा ते एक मीटरने आत ओढली गेली की बास, जास्त ओढ दिली तर धुळीबरोबर चांगला मैदाच बॅगफिल्टरमध्ये (धूळ अडवणाऱ्या कापडी पिशव्यांत) जातो आणि मालक बोंबलतो! डक्टमध्ये, म्हणजे धूळ वाहून नेणाऱ्या पाइपात, मात्र सेकंदाला १८-२० मीटरचा वेग ठेवायचाच, नाहीतर मैदा आडव्या पाइपात साचतो. आणि हवेत उडालेली मैद्याची धूळ ठिणगीने स्फोट घेऊ शकते, म्हणून अर्थिंग, अँटीस्टॅटिक बॅगा (स्थिर वीज साठू न देणाऱ्या फिल्टरच्या पिशव्या), एक्स्प्लोजन व्हेंट (स्फोटाचा दाब बाहेर सोडणारी झडप) यात काटकसर नको. २००८ मध्ये अमेरिकेत जॉर्जियातल्या साखर कारखान्यात साखरेच्या धुळीचाच स्फोट झाला, १४ जण गेले.