लाल कागदाआडचा माणूस

आमच्या युरोप सहलींमध्ये ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकच्या वाट्याला जेमतेम दोन तास येतात. इटलीतून ब्रेनरची खिंड ओलांडायची, गावातल्या सोनेरी छपराखाली फोटो काढायचे, मग वाटेन्सला क्रिस्टलचं म्युझियम आणि तिथलं दुकान. छपरावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची २६५७ कौलं आहेत, एवढं मी माइकवर सांगेपर्यंत निम्मे लोक आईस्क्रीमच्या रांगेत असतात. कार्यक्रम आखणाऱ्यांनीच तिथे वीस मिनिटं ठेवलीत, त्यात लोकांचा काय दोष!

त्या दिवशी मात्र वेळच वेळ होता. आदल्या रात्री ब्रेनरच्या रस्त्यावर अपघात झाला, आम्ही अडकलो आणि हॉटेलवर पोचायला एक वाजला. दिवसाचं काम संपल्यावर ड्रायव्हरला सलग ११ तास विश्रांती द्यावीच लागते. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये ती तीनदा ९ तासांवर आणता येते, पण आमच्या ड्रायव्हरच्या तिन्ही सवलती संपल्या होत्या. म्हणजे दुपारी बारापर्यंत बस जागची हलणार नव्हती. गाडीतला टॅकोग्राफ मिनिटामिनिटाची नोंद ठेवतो. नाश्त्याला एकजण म्हणालेच, "मॅडम, त्याच्या हातावर थोडे युरो ठेवून बघा ना." मला अशा बोलण्याचा मनापासून राग येतो. जवळजवळ पन्नास माणसं जीव मुठीत न धरता घाट उतरतात, ती त्या विश्रांतीच्याच भरवशावर.

ज्यांना यायचंय त्यांना मी आंब्रासला नेते म्हटलं. वीसेक जण तयार झाले.

आंब्रासचा किल्ला गावाच्या आग्नेयेला टेकडीवर आहे. तो इथल्या टिरोल प्रांताचा राज्यकर्ता आर्चड्यूक फर्डिनांड दुसरा याचा. हा सम्राट फर्डिनांड पहिल्याचा मुलगा. त्याने ऑग्सबुर्गच्या व्यापारी घराण्यातल्या फिलिपिन वेल्झरशी १५५७ मध्ये गुपचूप लग्न केलं आणि हा किल्ला तिला दिला. रेनेसान्सच्या थाटात तो नव्याने सजवून घेतला, ४३ मीटर लांबीचा स्पॅनिश हॉल बांधला आणि खालच्या अंगाला खास संग्रहासाठी वेगळी इमारत उभारली. चिलखतं, पुस्तकं, नवलाच्या वस्तू, सगळं पाहुण्यांना दाखवता यावं म्हणून. नेपोलियनच्या लढायांच्या धामधुमीत १८०६ मध्ये बरंचसं व्हिएन्नाला हलवलं, तरी जे उरलंय ते आपल्या मूळ जागी आहे. त्या काळचा असा संग्रह त्याच्याच घरात बघायला मिळणं फार दुर्मिळ. मला विचाराल तर अख्ख्या टिरोलमध्ये याच्या तोडीचं काही नाही, आणि आमच्या छापील कार्यक्रमात त्याचं नावही नाही.

आमच्यात सांगलीचे एक काका होते. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवून निवृत्त झालेले. लहानपणी पोलिओ झालेला, डाव्या पायाला आधाराचा कॅलिपर. सहल सुरू झाल्यापासून मी एक गोष्ट बघत होते. लोक त्यांच्याशी वाईट वागत नव्हते, उलट जरा जास्तच चांगले वागत होते. पण प्रश्न काकूंना विचारायचे. "काकांना कॉफी चालते का?" काका शेजारीच बसलेले असत.

संग्रहातली उंच कपाटं पदार्थांप्रमाणे लावलेली आहेत. लाकडाचं लाकडात, लोखंडाचं लोखंडात, पोवळ्याचं पोवळ्यात. लाकडाच्या कपाटाशी काका थबकले. लेथवर काढलेल्या वस्तूंच्या कडा ते काचेला नाक लावून बघत होते. भिंत किती पातळ आहे, हत्यार कुठे थांबलं असेल, पुढे काम कसं नेलं असेल, हे मला सांगत होते. फर्डिनांड स्वतः लेथवर काम करायचा म्हटल्यावर तर त्यांचा चेहराच उजळला. "तेव्हा मशीन पायानंच मारायचं," ते म्हणाले. "मी शिकलो तोवर मोटर आलेली. नाहीतर मला कुणी उभं केलं नसतं." शेजारी शिल्पकार हान्स लाइनबेर्गरने पेअरच्या लाकडात कोरलेला मृत्यूचा सांगाडा, वीतभर उंचीचा, हाती धनुष्य. तोही त्यांनी सांधा न् सांधा पाहिला.

पुढे माणसांची चित्रं आहेत. पेत्रुस गोन्साल्वुस आणि त्याची मुलं. सगळ्यांचे चेहरे केसांनी भरलेले. पेत्रुस तेनेरीफ बेटावरचा, लहानपणीच १५४७ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे पोचवला गेला. तिथे त्याला शिकवलं, लॅटिन शिकवलं. चित्रकाराने मात्र दरबारी कपडे चढवून त्याला गुहेच्या तोंडाशी उभं केलंय. या आजाराच्या एका प्रकाराला आजही डॉक्टर आंब्रासचंच नाव देतात. मी हे सांगत असतानाच मागे हसू फुटलं, एका मुलाने तोंड वाकडं करून सेल्फी घेतला. मी त्याला कडक शब्दांत गप्प केलं. सहलीत प्रवाशावर आवाज चढवायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. तिथे तो चढवायलाच हवा होता.

तेवढ्यात काका पुढच्या चित्रासमोर पोचले होते.

त्या चित्रात एक माणूस पालथा पडलाय. अंगावर कपडा नाही. हातपाय काटकुळे, आखडलेले. पण डोक्यावर टोपी आहे आणि गळ्यात त्या काळच्या सरदारांची चुण्यांची पांढरी कॉलर. मान उचलून तो थेट आपल्याकडे बघतोय. त्याचं नाव कुठेच नोंदलेलं नाही.

"इथे काय लिहिलंय?" काकांनी विचारलं. मी सांगितलं. चित्रातल्या शरीरावर पूर्वी लाल कागद लावलेला असे. आधी नुसता चेहरा दिसायचा. मग पाहुण्याने कागद उचलायचा.

"पाहुण्याने स्वतः?"

"हो."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग वर्गात फळ्यावरचं समजावून सांगावं तशा शांत सुरात म्हणाले, "मी नऊ वर्षांचा असताना ऑपरेशनसाठी वॉर्डात होतो. मोठे डॉक्टर यायचे, मागे शिकणारी पोरं. आले की चादर वर. वाईट नव्हते हो, त्यांनीच मला चालतं केलं. पण चादर उचलण्याआधी माझ्या तोंडाकडे कुणी बघितल्याचं आठवत नाही."

काकू म्हणाल्या, "चला आता, दमला असाल." काका म्हणाले, "मी दमलेलो नाही. हा किती सरळ बघतोय बघ."

सेल्फीवाला मुलगा मागे येऊन उभा होता. काकांनी त्याला पुढे घेतलं आणि स्वतःच दाखवायला लागले, कॉलर कशी रंगवलीय, डोळ्यांत उजेड कुठून आलाय. पायांबद्दल अवाक्षर नाही. मुलगा ऐकत होता. त्याला काही उमगलं का, मला सांगता येणार नाही.

बारानंतर बस निघाली. संध्याकाळच्या मुक्कामी मी काकांना विचारलं, की पुढच्या वेळी लोकांना आणलं तर कागदाची गोष्ट चित्र दाखवण्याआधीच सांगू का, म्हणजे कुणी हसणार नाही. ते लगेच नाही म्हणाले. "आधी सांगितलंत की सगळे कागदच शोधतील. त्याला बघू दे की लोकांकडे. मग सांगा."

मला हे पूर्ण पटलेलं नाही. ते हसू मी ऐकलंय, आणि चित्रातला माणूस माझ्यासारखा कुणाला गप्प करू शकत नाही. ऑफिसला मी आंब्रास कार्यक्रमात घ्या म्हणून लिहिलंय. उत्तर आलं, तिथे ड्रॅक्युलाचं चित्र आहे ना, तेच जाहिरातीत टाकू. ड्रॅक्युलाचं नाव ज्याच्यावरून आलं, त्या व्लादचं चित्र खरोखरच तिथे आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही.