हॅलोजनच्या दिव्यांचा उजेड वाढवताना

माझ्या गाडीच्या हेडलाइटमध्ये एच४ प्रकारचे हॅलोजन बल्ब आहेत. एकाच काचेत दोन फिलामेंट असतात, हाय बीमसाठी (दूरवर जाणारा झोत) ६० वॅटचे आणि लो बीमसाठी (समोरच्याला न दिपवणारा, खाली झुकलेला झोत) ५५ वॅटचे. गेले वर्षभर रात्रीच्या प्रवासात, विशेषतः पावसात, समोरचा रस्ता पुरेसा दिसत नाही ही जाणीव वाढत गेली आणि अधिक प्रखर बल्ब बसवण्याचे मी ठरवले. हे काम मी चुकीच्या टोकाकडून सुरू केले, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी मी १०० आणि ९० वॅटचे बल्ब आणले. विक्रेत्याने ते कोणताही बदल न करता थेट बसतील असे सांगितले होते आणि ते बसलेही. परंतु १२ व्होल्टवर ५५ वॅटचा बल्ब साधारण ४.६ अँपिअर विद्युतप्रवाह घेतो, तर ९० वॅटचा ७.५ अँपिअर. गाडीतील मूळ तारा, स्विच आणि बल्बमागचा होल्डर पहिल्या आकड्याच्या हिशोबाने बनवलेले असतात. महिनाभरात जळकट वास येऊ लागला. मागचे रबरी झाकण काढून पाहिले, तेव्हा होल्डरचे प्लास्टिक तपकिरी पडून मऊ झाले होते. वाढलेल्या उष्णतेने परावर्तकाचा चकचकीत मुलामाही काळवंडू शकतो आणि तो गेला की संपूर्ण दिवाच बदलावा लागतो. ते बल्ब मी त्याच दिवशी काढले.

होल्डर बदलताना हाती मल्टीमीटर होता म्हणून सहज एक मोजणी केली, आणि खरा दोष तिथे सापडला. इंजिन चालू व दिवे लावलेले असताना बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट दिसत होते, पण बल्बच्या पिनांवर अवघे १२.२. उरलेले जवळजवळ २ व्होल्ट बारीक तारा, जुना स्विच आणि गंजलेले अर्थिंग यांत वाया जात होते. हॅलोजनच्या बाबतीत हा फरक फार महत्त्वाचा आहे, कारण त्याचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताच्या प्रमाणात बदलतो. व्होल्टेज १० टक्के घटले तर प्रकाश सुमारे ३० टक्के घटतो. बल्बचा प्रमाणित प्रकाश १३.२ व्होल्टवर मोजतात. त्या तुलनेत माझे मूळ बल्ब जवळपास पाव उजेड गमावून बसले होते.

त्यावर उपाय म्हणजे रिलेची, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचची, वेगळी वायरिंग. बॅटरीपासून जाड तार निघते, बॅटरीजवळच फ्यूज असतो, तेथून रिलेच्या ३० क्रमांकाच्या पिनेला आणि ८७ वरून बल्बला जोडणी होते. जुनी तार आता रिलेची कॉइल चालवण्यापुरती वापरली जाते, म्हणजे स्विचमधून अगदी किरकोळ प्रवाह जातो. लो आणि हाय बीमसाठी दोन स्वतंत्र रिले लागतात. अर्थिंगची तारही तितकीच जाड घ्यावी आणि ती रंग खरवडलेल्या, स्वच्छ धातूवर आवळावी, कारण प्रवाह जितका जातो तितकाच परत यावा लागतो. हे काम झाल्यावर त्याच जुन्या बल्बच्या पिनांवर १३.६ व्होल्ट मिळाले. हिशोबाने प्रकाशात सुमारे ४५ टक्के वाढ झाली, आणि तीही नवा बल्ब न घेता. मात्र ज्या गाड्यांत दिव्यांचा पुरवठा संगणकीय युनिट तुटक स्पंदांनी नियंत्रित करते, तिथे साधा रिले खडखडतो; अशा गाडीत हा प्रयोग माहितगाराला विचारल्याशिवाय करू नये.

यानंतर काचांकडे वळलो. हल्लीच्या हेडलाइटची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक असते आणि उन्हातील अतिनील किरणांनी ती पिवळी, धुरकट होते. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासल्यावर ती स्वच्छ झाली. वरून अतिनीलरोधक थर न दिल्यास ती लवकरच पुन्हा पिवळी पडते, म्हणून तो दिला.

मग झोताचा कोन तपासला. ही तपासणी मी सर्वांत आधी करायला हवी होती. सपाट जमिनीवर, टायरमध्ये योग्य हवा ठेवून आणि चालकाच्या आसनावर माणूस बसवून गाडी भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. माझ्या दिव्यांचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर आहे. झोताचा उतार १ टक्का असेल तर १० मीटरवर त्याची वरची कडा दिव्याच्या मध्यापेक्षा १० सेंटीमीटर खाली, म्हणजे ५५ सेंटीमीटरवर यायला हवी. माझी कडा ४५ वर होती. एवढ्याशा फरकाचा रस्त्यावरचा परिणाम असा, की १ टक्का उतारावर झोत ६५ मीटरपर्यंत पोहोचतो आणि २ टक्क्यांवर साडेबत्तीस मीटरमध्येच जमिनीला टेकतो. वर्षभर मी निम्म्या अंतराचा रस्ता पाहत गाडी चालवत होतो आणि दोष बल्बला देत होतो.

दरम्यान एका मित्राने त्याचे एलईडी बल्ब वापरून पाहायला दिले. त्यांना दिपवणारा पांढरा प्रकाश होता. पण एच४ मधील लो बीमच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते, ती खाली जाणारा प्रकाश अडवते आणि त्यामुळे परावर्तकाचा फक्त वरचा भाग वापरला जाऊन झोताला स्पष्ट कडा मिळते. परावर्तकाची सगळी रचना त्या बारीक, दंडगोलाकार फिलामेंटच्या नेमक्या जागेवर बेतलेली असते. एलईडीच्या चिप एका पट्टीच्या दोन बाजूंना बसवतात, त्यामुळे उगमस्थान मिलीमीटरभर जरी सरकले तरी झोत विस्कटतो. भिंतीवर कडेच्या वर प्रकाशाचे पट्टे स्पष्ट दिसत होते. मी मित्राला गाडीत बसवले आणि स्वतः पायी ५० मीटर पुढे जाऊन वळून पाहिले, तर लो बीमवरही डोळे उघडे ठेवणे कठीण झाले. समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला रस्त्याची कड दिसली नसती. शिवाय जो प्रकाश वाढल्यासारखा वाटत होता तो बव्हंशी गाडीच्या पुढ्यात पडत होता. पुढ्यातला भाग फार उजळला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि दूरचा अंधार अधिकच गडद होतो. मी ते बल्ब परत केले, आणि हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात ते वापरू नयेत असे माझे ठाम मत झाले आहे.

अखेरीस ६० आणि ५५ वॅटचेच, पण अधिक प्रकाश देणारे हॅलोजन बल्ब घेतले. त्यांचे फिलामेंट अधिक आटोपशीर गुंडाळलेले असते आणि काचेत झेनॉनसारखा जड वायू जास्त दाबाने भरलेला असतो. वेष्टनावरचा शंभर-दीडशे टक्क्यांचा दावा रस्त्यावरील एखाद्या विशिष्ट बिंदूपुरता असतो, कारण एच४ चा एकूण प्रकाश प्रमाणानुसार हाय बीमला १६५० आणि लो बीमला १००० ल्युमेन, फारतर १५ टक्के कमी-जास्त, इतका बांधलेला आहे. दुप्पट अंतरावर तेवढाच उजेड पाडायचा तर चौपट प्रकाश लागतो, हेही लक्षात ठेवावे. या बल्बचे आयुष्य कमी असते आणि वाढलेल्या व्होल्टेजने ते आणखी घटते, म्हणून एक जोडी गाडीत राखीव ठेवली आहे. बसवताना काचेला बोट लागू दिले नाही, कारण बोटाचे तेल बल्बच्या तापलेल्या क्वार्ट्झ काचेवर डाग धरते आणि तिथेच काच कमजोर होते.

कोरड्या रस्त्यावर आता लो बीममध्ये कडेचा दगड वेळेत दिसतो. ओला डांबरी रस्ता मात्र अजूनही काळाच दिसतो. पाण्याच्या थरावरून प्रकाश आरशासारखा पुढे निसटतो, चालकाकडे परत येतच नाही, आणि त्यावर कोणत्याही बल्बचा इलाज नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. पावसाच्या रात्री मी तो वेग ४० वर आणतो.