लांगे: पाऊस पडला असेल तर ला मोर्राहून बारोलोला पायी उतरू नका

ऑक्टोबर अखेरीला इटलीतल्या पिएमोंतेमध्ये, लांगेच्या डोंगरात जाऊन आलो. सोबत मावसभाऊ, तो ट्युरिनला नोकरीला असतो. आल्बातले दोन दिवस छान गेले, रेल्वेनं जा, गावात फिरा, तिथे काही अडचण येत नाही.

अडचण आहे ला मोर्रा ते बारोलो या दोन गावांमधल्या पायवाटेत. मुक्कामाच्या मालकानं सांगितलं होतं की सोपी वाट आहे, सगळा उतार, तासाभरात पोचाल. ऐकायला पटतंच, ला मोर्रा ५१३ मीटरवर आणि बारोलो ३०० च्या आसपास. आदल्या रात्री पाऊस झाला होता हे त्याला माहीत होतं, तरी बोलला नाही. आम्हाला पावणेतीन तास लागले.

सगळा घोळ मातीचा. निळसर करडी, चुन्याचा अंश असलेली चिकणमाती, बारोलोची वाइन ज्या नेब्बिओलो द्राक्षाची होते ते हिच्यातच पिकतं. मी परभणीकडचा, पावसाळ्यात काळ्या रानातून चप्पल हातात घेऊन चाललेलो आहे, चिखल मला नवा नाही. पण काळ्या रानात पाय रुतून तरी राहतो, इथे वरचा थर साबणासारखा सरकतो आणि खालचा बुटाला असा चिकटतो की दहा पावलांत एकेक बूट किलोभर जड. काडीनं खरवडायचं, परत दहा पावलं. दोन्ही बाजूंना द्राक्षाच्या तारा, त्यांना धरावंसं वाटतं, धरू नका, मळा दुसऱ्याचा आहे आणि तार हात कापते. भाऊ दोनदा पडला, मनगट सुजलं.

वाटेत मळ्यातच एक चॅपेल, म्हणजे छोटं चर्च लागतं, झगझगीत रंगांचं. १९१४ मध्ये मळ्यातल्या मजुरांना वादळ-पावसात आडोसा म्हणून बांधलेलं, चर्च म्हणून त्याचं विधिवत पवित्रीकरण कधीच झालं नाही, १९९९ मध्ये सोल लेविट या चित्रकारानं बाहेरून आणि डेव्हिड ट्रेमलेट या दुसऱ्या चित्रकारानं आतून रंगवलं. तिथपर्यंत जा, जरूर जा, आणि तिथूनच मागे फिरा. आमचे सगळे हाल त्याच्या खालच्या भागात झाले. रविवार असल्यामुळे आम्हाला बस मिळाली नाही आणि रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबत नाही, परतीची गाडी आदल्या दिवशीच फोन करून ठरवून ठेवा.

दुसरा फटका जेवणात. सीझन पांढऱ्या ट्रफलचा (जमिनीखाली वाढणारी वासाची महागडी बुरशी), वेटर टेबलाशी येऊन तायारिनवर (अंड्याच्या बलकातल्या बारीक पिवळ्याधमक शेवया) किसायला लागतो, वास असा की तुम्ही गप्पच बसता, आणि तो किसतच राहतो. मेनूत भाव नव्हता. बिलात १३ ग्रॅम, ग्रॅमला ६ युरो, म्हणजे दोघांत ७८ युरो नुसत्या किसाचे, वर माणशी ३ युरो कोपेर्तो, म्हणजे नुसतं टेबलाला बसायचे. आधी ग्रॅमचा भाव विचारा, किसायच्या आधी आणि नंतर ट्रफल समोर वजन करायला लावा, आणि पुरे झालं की मोठ्यानं 'बास्ता' म्हणा. लाजू नका. चव खरंच आयुष्यभर लक्षात राहील अशी आहे, म्हणून तर राग जास्त आला.

शाकाहारी असाल तर प्लिन घेऊ नका, चिमटा काढून बंद केलेल्या त्या छोट्या पुरणाच्या पास्त्यात बहुतेक वेळा मांस असतं, आणि भाज्यांसोबत येणाऱ्या बान्या काउदा या गरम सॉसमध्ये मासे असतात. लोणी आणि सेजची पानं घातलेलं तायारिन मागा.

वाइनबद्दल एवढंच की बारोलो उपाशीपोटी चाखू नका. रंग फिका दिसतो, पण कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं तोंड आवळून येतं. नियमानं किमान ३८ महिने, त्यातले १८ लाकडात, मुरवूनच विकतात, तरी कोवळी बाटली कडकच लागते. एक घोट, एक तुकडा चीज, मग दुसरा घोट, असं केलं तेव्हा कुठे मजा कळली, आणि त्या चिखलानंतर पहिल्यांदा बरं वाटलं.

बूट रात्री हीटरजवळ ठेवू नका. आम्ही ठेवले, सकाळपर्यंत माती सिमेंटसारखी झाली आणि चमच्याच्या दांड्यानं कोरून काढावी लागली. ओली असतानाच नळाखाली धुवा.