एका श्लोकाला एक कागद

शनिवार, रात्री

आज भजनी मंडळाची बाडं पुन्हा उघडून बसले. तीन आहेत. एक तात्यांकडचं, पानं कडेनं तपकिरी होऊन तुटायला आलेली. दुसरं वरच्या आळीतलं. तिसरं गिरणीत कामाला गेलेल्या गावकऱ्यांनी मुंबईला वापरलेलं, गिरण्या बंद झाल्यावर परत आलेलं. आमच्या गावच्या एका भक्तानं रचलेले अभंग या तीन बाडांखेरीज कुठेही लिहिलेले नाहीत. ते छापावेत ही कल्पना सप्ताहाच्या पंगतीत निघाली आणि सगळ्यांना मनापासून आवडली. पुढच्या सप्ताहाला पुस्तिका हातात असेल असं तिथल्या तिथे ठरूनही गेलं.

त्या दिवसापासून मी एकेक ओळ तीन ठिकाणी वाचते आहे. आज एकाच शब्दापाशी संध्याकाळ गेली. दोन बाडांत ‘विठू उभा जात्यापाशी’ आहे आणि वरच्या आळीच्या बाडात ‘विठू उभा जोत्यापाशी’. जातं की जोतं? फरक एका मात्रेचा. पण एका ठिकाणी देव दळायला आलेला आहे आणि दुसऱ्या ठिकाणी तो घराच्या पायाशी, अंगणात, आत बोलावण्याची वाट बघत उभा आहे. अख्खा अभंग बदलतो.

दोघांचं एकमत म्हणून जातं घ्यावं, हे चटकन सुचणारं उत्तर. मला ते पटेना. झोपण्याआधी भांडारकर संस्थेच्या महाभारताबद्दल काढलेली टिपणं पुन्हा वाचायला घेतली आहेत.

रविवार, पहाटे

झोप लागली नाही, म्हणून लिहितेच.

महाभारताच्या साऱ्या पोथ्या एकत्र करून एक चिकित्सक आवृत्ती करावी, म्हणजे त्या ताडून मूळच्या जास्तीत जास्त जवळचा मजकूर ठरवावा, ही कल्पना मॉरिझ विंटरनिट्झ या युरोपीय संस्कृत पंडितांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत मांडली. दोन वर्षांनी रोमला पुन्हा मांडली. कल्पना मोठी होती आणि ती पटलेली माणसंही मोठी होती. जर्मन संस्कृत पंडित ल्यूडर्स यांनी १९०८ मध्ये एक नमुनाही छापून दाखवला. मग पहिलं महायुद्ध आलं आणि युरोपातलं काम थांबलं. पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभं राहिलं आणि १९१९ मध्ये त्यांनी हे ओझं उचललं. त्यासाठी लाख रुपये द्यायचं वचन औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी दिलं होतं. औंध आमच्या गावापासून लांब नाही. यमाईच्या डोंगरावरच्या संग्रहालयातली चित्रं बघायला आम्ही शाळेतून जायचो. महाभारताच्या या कामाबद्दल मात्र तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ मध्ये या कामाचे प्रमुख संपादक झाले. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला ल्यूडर्स यांच्याच हाताखाली तयार झालेला माणूस. त्यांच्याविषयी बोलताना लोक त्यांची विद्वत्ता सांगतात, ती आहेच. माझं मन त्या कागदांवर अडकलेलं आहे.

एका श्लोकाला एक कागद. कागदावर आखलेले चौकोन. वरच्या ओळीत मुंबईच्या प्रचलित छापील प्रतीचा पाठ, म्हणजे त्या प्रतीत श्लोक जसा आहे तसा, एका चौकोनात एक अक्षर. त्याखाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. ज्या पोथीत जिथे अक्षर वेगळं, तिथे तेवढंच अक्षर त्या चौकोनात लिहायचं. उजवीकडे समास मोकळा, त्यात त्या पोथीतले जादा श्लोक, गळलेल्या ओळी, शेरे. नुसत्या आदिपर्वासाठी साठ पोथ्या वापरल्या. त्या पोथ्याही एका लिपीतल्या नव्हेत. काश्मीरकडच्या शारदा लिपीतल्या, नेपाळी, मैथिली, बंगाली, देवनागरी, तेलुगू, तमिळ मुलखातल्या ‘ग्रंथ’ नावाच्या लिपीतल्या आणि मल्याळम. त्या वाचू शकणारी माणसं मिळवायची, पोथ्या देणाऱ्यांना राजी करायचं. बंगाली पोथ्यांचं काम शांतिनिकेतनात झालं, दक्षिणेकडच्या काही पोथ्यांचं तंजावरला. आणि तिथे बसलेला कुणी शास्त्री दिवसभर ओळीतल्या अक्षरावर बोट ठेवून बघत राहायचा की हे ‘च’ आहे की ‘तु’. दुसरा कुणी ते पुन्हा तपासायचा. बहुतेक ठिकाणी फरक इतकाच असायचा, ‘च’ आणि ‘तु’ अशा बारक्या संस्कृत शब्दांचा. कथेला त्यानं काही होत नाही. तरी लिहायचं. कारण पोथी कुठल्या पोथीवरून उतरली, हे अशाच बिनमहत्त्वाच्या अक्षरांवरून कळतं.

इथे मला माझ्या जात्याचा धागा सापडला. तात्यांच्या आणि मुंबईच्या बाडात आणखी एका अभंगात, एकाच ठिकाणी, एक चरण गळलेला आहे. दोघं वेगवेगळे लिहिणारे नेमका तोच चरण गाळणार नाहीत. म्हणजे मुंबईचं बाड तात्यांच्या बाडावरूनच उतरवलं असणार, किंवा दोन्ही एखाद्या तिसऱ्या बाडावरून. साक्षीदार दोन दिसतात, साक्ष एकच. सुकथनकरांनीही पोथ्यांची नुसती मोजदाद केली नाही. उत्तरेकडचा आणि दक्षिणेकडचा पाठ एकमेकांपासून दूर राहूनही जिथे जुळतात, तिथे तो जुना मानायचा. जिथे जुळत नाहीत, तिथे कोणत्या पाठापासून बाकीचे पाठ निर्माण होऊ शकतात ते बघायचं.

मग जोत्याचं जातं होईल, की जात्याचं जोतं? जनाबाईसोबत दळणारा विठ्ठल प्रत्येकाच्या ओठांवर आहे. उतरवून घेणाऱ्याचा हात ‘जोत्यापाशी’ लिहिता लिहिता आपोआप ‘जात्यापाशी’कडे वळेल. उलट होणं अवघड. मला वाटतं, आमच्या भक्तानं जोतंच म्हटलं होतं. आणि मला ते जास्त आवडतंही. आवडतं म्हणूनच स्वतःच्या निर्णयाचा जरा धाक वाटतो.

रविवार, दुपार

सकाळी लिहायचं राहून गेलं ते हे. सुकथनकरांच्या आवृत्तीत मला सर्वांत मोठी वाटते ती नागमोडी रेघ. ज्या शब्दाबद्दल खात्री नाही, त्याच्या खाली छापलेली. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतर, इतक्या पोथ्या समोर असताना, छापील पानावर सांगायचं की इथे आमची खात्री नाही! आणि एकदा नव्हे, जिथे जिथे तसं असेल तिथे तिथे. त्या रेघेखाली तळटिपांची दाट पानं आहेत. वाचणारा वरचा श्लोक वाचून पुढे जातो. जायलाच हवं, श्लोक त्याच्यासाठीच आहे. पण कुणाला शंका आलीच, तर टाकलेला प्रत्येक पाठ खाली ठेवलेला आहे. काहीही नष्ट केलेलं नाही. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहावं ही गोष्ट प्रत्येक घरात माहीत आहे. ती मूळ संहितेत बसत नाही असं दिसल्यावर त्यांनी ती परिशिष्टात ठेवली. लोकांना हे रुचणार नाही हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे.

आदिपर्वाचा खंड १९३३ मध्ये पुरा झाला. त्यानंतर नेपाळातून आदिपर्वाची एक फार जुनी पोथी उजेडात आली, आणि त्यांनी बांधलेल्या पाठाला तिनं अनेक ठिकाणी दुजोरा दिला. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं. त्या चौकोनांत अक्षरं भरणाऱ्यांपैकी कुणाला हे कळलं असेल का? त्यांच्यातल्या कितीतरी जणांची नावं आपण कधीच ऐकलेली नाहीत.

सुकथनकर २१ जानेवारी १९४३ ला गेले. मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर त्यांची व्याख्यानं चालू होती, चौथं व्हायचं राहिलं. वर्षानुवर्षं अक्षरं लावल्यावर ते अर्थाबद्दल बोलायला उभे राहिले होते. पुढे बेलवलकरांनी आणि मग प. ल. वैद्यांनी काम चालवलं आणि १९६६ साली महाभारत पुरं झालं.

विंटरनिट्झ यांची कल्पना मी लहान मानत नाही. ती नसती तर पुढचं काहीच नसतं. पण कल्पनेला वंदन करून आपण थांबतो, आणि चौकोन भरणाऱ्यांना मदतनीस म्हणून एका ओळीत संपवतो, हे मला आता सहन होत नाही. महाभारताची ती आवृत्ती त्या चौकोनांतच घडली.

सोमवार

तात्यांना फोन केला. जोत्याचं सांगितलं, गळलेल्या चरणाचंही. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आमी जन्मभर जात्यापाशीच म्हणत आलोय, पोरी. पुढंबी तेच म्हणणार. तुला जोतं वाटतंय तर वर जोतं छाप. पण खाली आमचंबी लिही.”

तळटिपांबद्दल मी त्यांना एक अक्षर बोलले नव्हते.

तर ठरलं. वर ‘जोत्यापाशी’, त्याखाली नागमोडी रेघ, आणि तळाशी ‘जात्यापाशी’, कुठल्या बाडात आहे त्यासह. छापखान्यात विचारलं. अक्षरजुळणी करणारा मुलगा म्हणाला, रेघ टाकता येईल, पण उकाराखाली ती चिकटते, हातानं खाली सरकवावी लागेल, प्रत्येक ठिकाणी. सरकवू म्हणाला. पुस्तिकेत त्याचं नाव द्यायचं मी मंडळाला आजच सांगून ठेवलं आहे.

पुढच्या अभंगात तिन्ही बाडांत कडव्यांचा क्रमच वेगवेगळा आहे. उद्या मोठे कागद आणायचे आहेत, आखलेले मिळाले तर बरं.