मशीनखाली काय शोधताय, ड्रेनेज बघा आधी

जुन्या ड्रायक्लीनिंगच्या जागेवर जमिनीत प्रदूषण मुरलंय का ते तपासायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, मशीन कुठे होतं? आणि तिथेच बोअर मारायला सुरुवात. त्यात चूक काही नाही, पण मी आधी ड्रेनेजची लाईन कुठून गेलीय ते विचारते. कारण पर्क, म्हणजे पर्क्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगमध्ये कपडे धुवायला वापरतात ते द्रावण, मशीनमधून परत गोळा करताना जे पाणी वेगळं निघायचं ते कित्येक ठिकाणी सरळ सिंकमध्ये ओतायचे, तेव्हा त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. पर्क पाण्याच्या 1.6 पट जड, त्यामुळे पाईप जिथे खाली झुकलाय तिथे ते तळाशी साचून बसतं आणि जॉइंटमधून हळूहळू झिरपतं, मग मशीनपासून चांगल्या लांबच्या बोअरमध्ये रीडिंग येतं आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

थोडंसंच सांडलं असेल हो, असं हमखास ऐकू येतं. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरला 5 मायक्रोग्रॅम, त्या हिशोबाने एक लिटर पर्क 32 कोटी लिटर पाणी त्या मर्यादेला न्यायला पुरतं!

जमिनीखालची पर्कची वाफ तर अजून चिवट. लादीला तडा असावाच लागतो असंही नाही, धड दिसणाऱ्या काँक्रीटमधूनही ती वर येते. म्हणून लादीला बोटभर भोक पाडून, नळी नीट सील करून, निर्वात केलेल्या स्टीलच्या डब्यात खालची हवा खेचून घ्यायची. सील जरा ढिलं राहिलं की खोलीतलीच हवा डब्यात जाते आणि रिपोर्ट मस्त स्वच्छ येतो, तेव्हा तिथे घाई नको.

साफसफाईचं म्हणाल तर वाळूत ब्लोअर लावून वाफ ओढता येते, चिकणमातीत मात्र हाल. पर्क वर्षानुवर्षं त्या मातीत मुरलेलं असतं. पर्क खाणारे बॅक्टेरिया सोडतात, डिहॅलोकोकॉइड्स, पण त्यांचं काम अर्धवट राहिलं तर मधेच व्हिनाईल क्लोराईड साचतं, ते पर्कहून वाईट, कॅन्सर करणारं म्हणून पक्कं ठरलेलं.

त्यात सगळ्यात वाईट वाटतं ते रिपोर्ट क्लीन आल्यावर. क्लायंट खुश, आणि मी म्हणते ब्लोअर बंद करा, काही महिने थांबू, परत सॅम्पल घेऊ. चेहराच पडतो त्यांचा. पण चिकणमाती तेवढ्या वेळात मुरलेलं पर्क परत सोडायला लागते, आणि पुढच्या रिपोर्टात आकडा पुन्हा चढलेला असतो.