थडग्यांमधून ग्रंथालयाकडे

ऑक्सफर्डला आलेली मंडळी बॉडलियन ग्रंथालय बघतात, क्राइस्ट चर्च कॉलेज बघतात आणि बस पकडतात. माझं ऐकाल तर एक तास क्वीन्स लेनसाठी राखून ठेवा. या अरुंद, वळणावळणाच्या गल्लीत सेंट एडमंड हॉल हे कॉलेज आहे आणि त्याचं ग्रंथालय भरतं ते चक्क १२व्या शतकातल्या चर्चमध्ये, सेंट पीटर-इन-द-ईस्टमध्ये.

शहराच्या मध्यातली वस्ती ओसरत गेली, प्रार्थनेला येणारी माणसं रोडावली आणि १९६०च्या दशकात हे चर्च बंद झालं. १९७० साली इथे ग्रंथालय सुरू झालं.

आवारात थडगी अजून आहेत. शेवाळलेले, कललेले दगड आणि शेजारून लॅपटॉप सावरत जाणारी मुलं. जेम्स सॅडलरला इथेच पुरलंय. हा ऑक्सफर्डचा केक-पेस्ट्री करणारा आचारी. ४ ऑक्टोबर १७८४ला गरम हवेच्या फुग्यातून तो उडाला, आकाशात झेपावलेला पहिला इंग्रज! एवढा पराक्रमी माणूस, पण कुणी त्याचं नावही घेत नाही, याची मला फार हळहळ वाटली.

दक्षिणेच्या दारापाशी मी रेंगाळलेच. नॉर्मन काळातली, म्हणजे ११व्या-१२व्या शतकातल्या धाटणीची कमान, तिच्यावर नागमोडी नक्षी आणि ओळीने कोरलेली चोचवाली तोंडं. प्रत्येकाने आपली चोच खालच्या गोल दगडी पट्टीवर घट्ट रोवलेली. ग्रंथालय विद्यार्थ्यांचं, त्यामुळे आतली कपाटं आणि मान खाली घालून बसलेली मुलं बाहेरूनच पाहिली.

खालचं तळघर मात्र बघायला मिळालं. बुटके खांब, डोक्यावर जेमतेम उंचीच्या कमानी, दगडाचा गारवा. इथे टेबल-खुर्च्या घुसवल्या नाहीत, हे मला सगळ्यात आवडलं. जागेची चणचण कुठल्या कॉलेजला नसते? तरी हा भाग तसाच राखलाय.

तिथून चालत हाय स्ट्रीटवर ऑल सेंट्स हे दुसरं चर्च गाठलं. १७०० साली जुन्या चर्चचा मनोरा कोसळला, त्यानंतर उभी राहिलेली ही देखणी इमारत १९७५पासून लिंकन कॉलेजचं ग्रंथालय आहे. खाली वाचनाच्या खोल्या काढायच्या म्हणून मूळ जमीन चार फुटांहून अधिक उचलली. काम नेटकं झालंय, उंच खिडक्यांचा उजेडही हेवा वाटावा असा. पण दोन्हींतलं एकच बघायला वेळ असेल, तर मी तुम्हाला सेंट पीटरलाच पाठवीन.